तेर, धाव आणि पोलाद : कुंभकोणम् परिसरातील रथचक्रांचा इतिहास

जुने वाहन चालते ठेवायचे तर त्याची चाके केव्हा ना केव्हा बदलावी लागतात, आणि चाके बदलली की मूळ वाहनाचे किती उरले, हा प्रश्न मागोमाग येतो. १९५० च्या दशकातील स्पोर्ट्स कार जपणाऱ्या हौशी मालकाला तो टायर आणि तारांची चाके निवडताना पडतो. तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तोच प्रश्न मंदिरांच्या लाकडी रथांबाबत पडला. तेथे मात्र त्याचे उत्तर एका मालकाच्या आवडीवर अवलंबून नव्हते, जमीन, लाकूड, मनुष्यबळ, राज्यव्यवस्था आणि भक्ती यांच्या ओढाताणीतून ते ठरत गेले. कुंभकोणम् आणि त्याच्या आसपासच्या तंजावर, तिरुवारूर या स्थळांचा विचार एकत्र केला, तर दगडी चाकापासून पोलादी चाकापर्यंतची ही निवड कशी होत गेली, याचे बऱ्यापैकी सलग चित्र मिळते.

कुंभकोणम् हे कावेरी आणि तिची शाखा अरसलार यांच्या मधल्या पट्टीवर वसलेले, तंजावर जिल्ह्यातील मंदिरांचे शहर आहे, आणि मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापिल्यापासून १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले तोपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली किंवा निदान त्यांच्या छायेखाली होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६९३ मध्ये कुंभकोणम्‌जवळचे तिरुविसनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद सांभाळणारे सर टी. माधवराव हेही १८२८ मध्ये कुंभकोणम् येथेच एका मराठी देशस्थ घराण्यात जन्मले. या भागातील मंदिरांच्या उत्सवखर्चाचा आणि रथांचा इतिहास त्यामुळे काही अंशी मराठी दप्तराचाही इतिहास आहे.

रथ या कल्पनेचा या शहरावर जो ठसा आहे तो प्रथम दगडात दिसतो. शहराच्या पश्चिमेला असलेल्या दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधले. २००४ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्याच्या पुढच्या मंडपाला घोडे जोडलेले असून बाजूला दगडी चाके कोरलेली आहेत. कोणार्कचे सूर्यमंदिर यानंतर सुमारे शंभर वर्षांनी उभे राहिले आणि हंपीचा दगडी रथ त्याहून पुष्कळ उशिरा, हे लक्षात घेतले म्हणजे दारासुरम्‌च्या चाकांचे महत्त्व कळते. कुंभकोणम्‌मधील नागेश्वर मंदिरातील नटराजाचा मंडपही रथाच्या आकाराचा असून त्याच्या चाकांचे बारा आरे बारा राशींचे द्योतक मानले जातात. विष्णूच्या १०८ दिव्य क्षेत्रांत गणल्या जाणाऱ्या शार्ङ्गपाणी मंदिराचा तर गाभाराच रथरूप आहे. देव वैकुंठातून रथात बसून येथे उतरला, अशी त्यामागील श्रद्धा आहे. याच देवतेवर वैष्णव संतकवी तिरुमंगै आळ्वार यांनी रचलेले एक स्तोत्र ‘रथबंध’ म्हणून, म्हणजे ज्याची अक्षरे रथाच्या आकृतीत मांडता येतात असे चित्रकाव्य म्हणून, प्रसिद्ध आहे.

या दगडी चाकांकडे सुताराच्या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट ताबडतोब जाणवते. मध्यभागी फुगीर नाभी, म्हणजे ज्याला मराठी सुतार तुंबा म्हणतो तो भाग, त्यातून निघणारे सडपातळ आरे आणि कडेला नक्षीचा घेर, अशी त्यांची घडण आहे. आणि जे लाकडी रथ प्रत्यक्ष रस्त्यावरून ओढले जात, त्यांची चाके अशी नव्हती. मोठ्या तमिळ रथाचे पारंपरिक चाक हे भरीव असते. जाड फळ्या एकमेकींना लावून, त्यांवर आडव्या पट्ट्या ठोकून, लोखंडी खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी आवळून ते तयार केलेले असते आणि त्यात आरा नावाची गोष्टच नसते. शिल्पकाराला चाकाकडून केवळ रूप हवे होते, म्हणून त्याने युद्धरथाचे हलके चाक कोरले. सुताराला भार पेलणारे चाक हवे होते, म्हणून त्याने आरे सोडून दिले. चाकाच्या निवडीतला हा पहिला निर्णय, आणि त्यामागे शोभेपेक्षा वजनाचा हिशेब आहे.

हे वजन कशाचे, हे समजण्यासाठी रथाची रचना थोडी पाहिली पाहिजे. तमिळमध्ये रथाला ‘तेर’ म्हणतात. तेरचा खालचा भाग म्हणजे एकावर एक रचलेल्या जाड तुळयांचे बाहेर झुकत जाणारे थर. त्यांच्या दर्शनी बाजूंवर देवदेवता, पुराणकथा, यक्ष आणि याळी हे सिंहसदृश काल्पनिक पशू यांची दाट कोरीव पॅनेल बसवलेली असतात. त्यासाठी इलुप्पै, म्हणजे दक्षिणेतला मोह, हे लाकूड परंपरेने वापरले जाई, कारण ते जड, चिवट आणि कोरण्यास योग्य असते. या लाकडी बैठकीवर उत्सवाच्या वेळी बांबूंचा उंच मनोरा बांधून त्याला रंगीत कापडाने मढवतात आणि त्याच्या कोपऱ्यांतून ‘तोंबै’ नावाच्या, तुकडे जोडून शिवलेल्या कापडी नळकांड्या लोंबत सोडतात. डोळे दिपवणारी सगळी उंची कापडा-बांबूची असते. वजन मात्र जवळजवळ सगळे खालच्या कोरीव लाकडाचे. शार्ङ्गपाणी मंदिराचा मोठा रथ तमिळनाडूतील तिरुवारूर आणि श्रीविल्लिपुत्तूर यांच्या रथांनंतरचा तिसरा मोठा रथ मानला जातो, आणि या तिन्ही रथांची वजने शेकडो टनांत सांगितली जातात. तिरुवारूरच्या ‘आळित्तेर’ या रथाची सजवलेली उंची सुमारे ९६ फूट भरते.

आता या वजनाखाली लाकडी चाकाचे काय होते, ते पाहावे. मराठी मुलखातील बैलगाडीचे चाक हे तुंबा, आरे आणि घेराचे वक्र तुकडे अशा अनेक अवयवांचे असते, आणि त्या सर्वांना एकत्र बांधते ती ‘धाव’. धाव म्हणजे चाकाच्या परिघावर चढवलेली लोखंडी पट्टी. ती मुद्दाम परिघापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवून फुगवतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात; लोखंड आवळते तसे सांधे करकरत मिटतात आणि चाक एकजीव होते. रबरी टायर येण्यापूर्वी चाकाचा झिजणारा, बदलता येणारा बाह्य भाग तो हाच. बैलगाडीला एक-दीड टन ओझे असते, तेथे ही योजना उत्तम चालते. रथाच्या चाकावर मात्र त्याच्या कितीतरी पट भार येतो आणि तोही रथ वळताना आडवा, अशा वेळी आरे तुंब्यातून उखडण्याचा संभव असतो. म्हणून भरीव चाक, आणि म्हणून अनेक चाके; श्रीविल्लिपुत्तूरच्या मोठ्या रथाला पूर्वी नऊ लाकडी चाके होती. चाकांची संख्या वाढवली की प्रत्येकावरचा भार कमी होतो आणि कावेरीच्या गाळाच्या मऊ जमिनीत चाक रुतण्याचे भय घटते, हा त्यातला हिशेब होता.

भरीव चाकालाही आपले रोग होते. रथ वर्षातून एकदा किंवा दोनदा चाले; शार्ङ्गपाणीचा रथ चित्रै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, आणि तै महिन्यात संक्रांतीच्या वेळी निघतो. उरलेला सगळा काळ तो ‘निलै’वर, म्हणजे आपल्या ठरलेल्या थांब्यावर, उभा. या भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून येतो आणि त्यानंतर कडक उन्हाळा; लाकूड भिजून फुगणार, वाळून आकसणार, फळ्यांतील सांधे उघडणार आणि जमिनीला टेकलेली बाजू वाळवी व ओल यांच्या तोंडी जाणार. गोलाई बिघडलेले चाक सुरुवातीला हलवण्यासच प्रचंड जोर लागतो. त्यात अच्चु, म्हणजे आस, लाकडाचा किंवा लोखंडाचा आणि चाकाचे भोक लाकडाचे. तेलाचे वंगण कितीही घातले तरी घर्षण मोठे. कोरीव अंगाचे आयुष्य एकदोन शतके असू शकते, चाकांचे त्याच्या एका अंशाइतकेच. तमिळ देशातील जुना म्हटला जाणारा प्रत्येक मोठा रथ हा अशा प्रकारे पुन्हा पुन्हा चाके बदललेला रथ असतो.

पुरीच्या रथयात्रेशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक उठून दिसतो. तेथे जगन्नाथाचा नंदीघोष, बलभद्राचा तालध्वज आणि सुभद्रेचा दर्पदलन हे तिन्ही रथ दरवर्षी नव्याने बांधतात. त्यांना अनुक्रमे १६, १४ आणि १२ अशी एकूण ४२ आऱ्यांची लाकडी चाके असतात आणि ती घडवण्याची विद्या दरवर्षीच्या कामामुळे जिवंत राहते. कावेरीच्या प्रदेशाने दुसरा मार्ग पत्करला. कोरीव देह जपायचा आणि पाय बदलायचे. या मार्गाने शिल्प टिकले, पण चाक घडवणाऱ्या सुताराच्या हाताला काम मिळण्याचे प्रसंग पिढीतून एकदोनदाच येऊ लागले आणि त्या विद्येचा धागा पातळ होत गेला.

चाक जितके अडते तितकी माणसे जास्त लागतात, आणि येथे चाकाचा इतिहास समाजाच्या इतिहासाला भिडतो. गाव मिळून तेर ओढते, अशा अर्थाची तमिळ म्हण आहे, आणि ‘वडम्’ या जाड दोराला हात लावणे हे पुण्याचे मानतात. ही श्रद्धा खरी आहे. पण ज्या मनुष्यबळावर हे रथ चालत ते सगळेच स्वखुशीचे नव्हते, हेही तितकेच खरे आहे. तंजावरच्या मराठी दरबाराच्या मोडी कागदपत्रांत दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, बृहदीश्वर मंदिराचे रथ ओढण्यासाठी निरनिराळ्या गावांतून हजारोंच्या संख्येने माणसे आणवल्याच्या नोंदी आढळतात. गावातील मिरासदाराने, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या खातेदाराने, आपल्याकडची शेतावर राबणारी माणसे पाठवायची, अशी ही व्यवस्था असे. राजाची इच्छा, देवाची सेवा आणि वेठ या तिन्हींची सरमिसळ झालेली होती.

कंपनी सरकारने देवस्थानांचा कारभार हाती घेतल्यावर हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, आणि तेथूनच वाद पेटला. ख्रिस्ती अधिकाऱ्यांनी देवांचे रथ हलवण्यासाठी रयतेला हुकूम का द्यावेत, असा आक्षेप मिशनरी मंडळींनी इंग्लंडात लावून धरला. १८३३ मध्ये कंपनीच्या संचालकांनी धार्मिक उत्सवांतील सरकारी सहभाग मागे घेण्याचे आदेश दिले, आणि ते अमलात येण्यास विलंब होतो हे पाहून मद्रास फौजेचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी १८३८ मध्ये राजीनामा दिला. पुढे सरकारी सक्ती ओसरली, ही बाब माणुसकीच्या दृष्टीने निःसंशय चांगलीच घडली. पण त्याचा एक परिणाम चाकांवर झाला. हजारो हात हुकमाने मिळणे बंद झाल्यावर, लाकडाच्या आसावर फिरणारे भरीव लाकडी चाक हे परवडेनासे साधन ठरू लागले, आणि ज्या देवस्थानांची जमीन-जुमल्याची बाजू लंगडी होती त्यांचे रथ निलैवरच कुजत राहिले. तंजावरच्या बृहदीश्वराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे बंद होता.

भोसले राजांचे या रथांशी नाते केवळ हुकमाचे नव्हते, हे सांगणे न्यायाचे होईल. शहाजींनी तिरुवारूरच्या त्यागराज देवाला आराध्य मानून त्याच्यावर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’सारख्या रचना केल्या. कुंभकोणम्‌च्या चक्रपाणी मंदिरात, जेथे विष्णूच्या सुदर्शन चक्राचीच पूजा होते, तेथे हात जोडलेल्या सरफोजींची प्रतिमा आहे आणि देवाच्या कृपेने त्यांचे दुखणे बरे झाले अशी कथा सांगतात. दक्षिणेच्या रथपरंपरेची छाप महाराष्ट्रातही उमटली. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तासगावला उभारलेल्या गणपती मंदिराला दक्षिणी धाटणीचे सात मजली गोपुर आहे, आणि तेथील रथही गणेशोत्सवात दोर लावून माणसेच ओढतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशातील रस्त्यांवर दुसऱ्या प्रकारचे चाक आले. टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार यांनी १९१२ मध्ये तंजावर ते पुदुक्कोट्टै अशी बससेवा सुरू केली. १९३६ मध्ये बंगालातील साहागंज येथे डनलॉपचा टायर कारखाना निघाला आणि त्यानंतर हवा भरलेले रबरी टायर बैलगाड्यांनाही बसू लागले. तमिळ शेतकरी आजही ‘कट्टै वंडी’, म्हणजे लाकडी चाकांची गाडी, आणि ‘टायर वंडी’ असा भेद करतो. महाराष्ट्रातील ऊस वाहणाऱ्या टायरगाडीशी ती नात्याने सख्खी आहे. धावेच्या गाडीपेक्षा टायरच्या गाडीला बैलांचा जोर कमी लागतो आणि रस्त्याला चरे पडत नाहीत. ज्या शहराच्या रस्त्यांवर रबर आले, तेथे लाकडी चाकाखाली भरडले जाणारे डांबर हीदेखील नगरपालिकेची तक्रार होणे अपरिहार्य होते.

मोठ्या रथाला मग रबरी टायर का बसवले नाहीत? हवेचा टायर आपल्या आतील दाबाच्या जोरावर भार पेलतो. दाब ठरलेला असला की भार वाढेल तसा त्याचा जमिनीशी होणारा स्पर्श पसरत जातो आणि बाजूच्या भिंती वाकत जातात. काही शे टनांचा भार चार जागी टेकवायचा तर खाणींतील महाकाय ट्रकांसारखे टायर लागतील, आणि एकाएकी एखादा फुटला तर वरचा मनोरा त्या बाजूला कलंडेल. म्हणून रबर लहान मंदिरांच्या हलक्या रथांपुरतेच आणि ‘चप्परम्’ नावाच्या हलक्या सजवलेल्या वाहनांपुरतेच पोचले. मोठ्या रथांसाठी लाकडानंतरची निवड पोलाद हीच राहिली.

या निवडीचा ठळक प्रयोग तिरुवारूरला झाला. तेथील मूळ रथ १९२० च्या दशकात आगीत जळाला, नवा बांधून १९३० मध्ये चालवला गेला, पण १९४८ नंतर तो थांबला. मुख्यमंत्री मु. करुणानिधी यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये तो पुन्हा चालला. करुणानिधी याच भागातले, आणि देवाधर्मावर विश्वास नसलेल्या पक्षाच्या नेत्याने हे करावे, ही त्या काळात सर्वांचे लक्ष वेधणारी घटना होती. रथाला पोलादी आस व चाके आणि पुढे हायड्रॉलिक ब्रेक देण्याचे काम तिरुच्चिराप्पळ्ळीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने केले. १९६५ मध्ये सुरू झालेला हा कारखाना मुळात वीजकेंद्रांचे उच्च दाबाचे बॉयलर बनवण्यासाठी निघालेला. जाड पोलादी पत्रे अचूक वळवून वितळजोडाने एकसंध करणे हे त्याचे नित्याचे काम, आणि रथाच्या चाकाला नेमके तेच कसब लागत होते. त्याच कारखान्याची चाके पुढे या प्रांतातील अनेक मोठ्या रथांखाली गेली. श्रीविल्लिपुत्तूरला नऊ लाकडी चाकांच्या जागी चार पोलादी चाके आली. जो रथ पूर्वी निलैवर परतायला कित्येक दिवस घेई, तो आता काही तासांत परततो. तंजावरच्या बृहदीश्वरासाठी नवा रथ बांधून २०१५ च्या एप्रिलमध्ये तो फिरवण्यात आला, तेव्हा त्यालाही पोलादी चाकेच निवडली गेली.

पोलादाने नेमके काय बदलले? पहिली गोष्ट म्हणजे गोलाई. ती उन्हापावसाने बिघडत नाही. दुसरी म्हणजे आसाभोवतीचे घर्षण, जे नीट घडवलेल्या आणि वंगण घातलेल्या धातूच्या बेअरिंगमुळे लाकडाच्या तुलनेत अगदी थोडे उरते. पण सहज सुटणारे चाक सहज थांबत नाही, आणि येथूनच ब्रेकची गरज उद्भवली. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एका जागी दिलेला दाब नळीतील तेलामार्फत सर्व चाकांपर्यंत सारखा पोचतो आणि चाकांवर पकड बसते. लाकडी चाकाच्या जमान्यात घर्षण हाच ब्रेक होता, आणि उरलेले काम माणूस करी.

तो माणूस अजूनही आहे. जळगावच्या श्रीराम रथोत्सवात, जो १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो, चाकाखाली लाकडी पाचर सरकवून रथाला दिशा देतात आणि थांबवतात. तिला खानदेशात ‘मोगरी’ म्हणतात. कावेरीच्या प्रदेशातील ‘मुट्टुकट्टै’ ही तिचीच बहीण. चिवट लाकडाचा उतरता ठोकळा आणि त्याला धरायला लांब दांडा. चाकाच्या अगदी लगत, पाठ वाकवून चालणारा माणूस तो नेमक्या क्षणी नेमक्या कोनात चाकाखाली घालतो. मोठ्या रथाचे आस शरीराला घट्ट जोडलेले असल्यामुळे त्याची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूच्या चाकाखाली तिरपी मोगरी गेली की चाक तिच्या उतारावरून घसरत बोटभर बाजूला सरकते, दुसरी गेली की आणखी बोटभर, आणि असे करत रथ रस्त्याच्या मध्यावर राहतो. चौकातल्या काटकोनी वळणावर ही युक्ती पुरत नाही. तेथे रस्त्यावर लोखंडी पत्रे अंथरून त्यांवर वंगण फासतात आणि रथ त्यांवरून हळूहळू फिरवतात. तिरुवारूरला मागून रेटायला बुलडोझरही लावतात. पोलादी चाके आल्यावर मोगरीवाल्याचे काम कमी झाले नाही, उलट अधिक जबाबदारीचे झाले, कारण पूर्वीपेक्षा वेगाने येणाऱ्या चाकाखाली त्याला हात घालावा लागतो. रथ निवडताना चाकांची चर्चा होते, ब्रेकची होते, या माणसाच्या सुरक्षेची क्वचितच होते.

उंचीचा प्रश्नही चाकांशीच जोडलेला आहे. चाकाचा व्यास बदलला की रथाचा माथा वर जातो किंवा खाली येतो, आणि रस्त्याची पातळी डांबराचे थर चढून वाढली तरी तेच होते. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळ कळिमेडु गावी उत्सवातील रथाचा उच्च दाबाच्या विजेच्या तारेला स्पर्श होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. मोठ्या मंदिरांच्या रथमार्गावरील वीज रथ निघण्यापूर्वी तोडण्याची पद्धत आहे. छोट्या गावांतील छोट्या रथांना, ज्यांची नोंद कोठेही नसते, हा नियम सर्वांत आधी लागू व्हायला हवा.

चाके बदलल्यावर मूळ वाहनाचे किती उरते, या सुरुवातीच्या प्रश्नावर जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांचा अनुभव उपयोगी पडतो, कारण त्यांनी हा वाद बराच मुरवला आहे. त्या काळच्या गाड्यांना आडव्या-तिडव्या धाग्यांच्या थरांचे टायर असत. त्यांना क्रॉस-प्लाय म्हणतात. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो रेडियल टायर, ज्याचे धागे चाकाच्या काठापासून काठापर्यंत सरळ जातात, रस्ता अधिक घट्ट धरतो. जुन्या गाडीवर रेडियल चढवला तर ती अधिक सुरक्षित होते, पण वळणावर तिच्या तारांच्या चाकांवर आणि सस्पेन्शनवर मूळ आखणीत न धरलेला ताण येतो, आणि सुकाणूचा हातातला स्पर्शही बदलतो. शिवाय टायरची नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर वयाने कडक होते, म्हणून इतिहासप्रेमापोटी जुनेच टायर ठेवणे हे धोक्याचे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्यूरिन सनदेचा रोख असा आहे की वापरात ठेवण्यासाठी केलेला बदल शक्य तितका कमी, परत काढता येण्याजोगा आणि नोंदवलेला असावा.

या कसोटीवर कावेरीच्या प्रदेशाने केलेली निवड पहिल्या अंगाने योग्य ठरते. रथाचे ऐतिहासिक मोल त्याच्या कोरीव देहात आहे, आणि जो भाग मुळातच झिजून बदलण्यासाठी घडवला होता तो पोलादाचा केला म्हणून रथ खोटा ठरत नाही. वेठीला न धरता, स्वखुशीने आलेल्या माणसांच्या बळावर हे रथ आज चालतात, यात या चाकांचा मोठा वाटा आहे; लाकडी चाकांसाठी हळहळणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये. नोंदीच्या अंगाने मात्र हे काम अपुरे आहे. काढलेली लाकडी चाके बहुतेक ठिकाणी ‘तेरडी’त, म्हणजे रथ उभा राहतो त्या जागेपाशी, उघड्यावर टाकून दिली जातात किंवा सरपणात जातात. त्यांची मापे, फळ्यांची जोडणी, खिळ्यांच्या जागा, कोणत्या भागाला कोणते लाकूड वापरले याची टिपणे होण्याआधीच ती नाहीशी होतात. तमिळनाडूतील बहुसंख्य मंदिरे १९५९ च्या कायद्यान्वये हिंदू धर्मादाय खात्याच्या देखरेखीखाली आहेत; रथाची चाके बदलण्याच्या प्रत्येक आदेशात जुन्या चाकाचे मोजमापासह आरेखन करावे आणि निदान एक चाक छपराखाली जपावे, अशी अट घालणे त्या खात्याला अवघड नाही.

उरलेला भाग मराठी अभ्यासकांच्या वाट्याचा आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील आणि तेथील तमिळ विद्यापीठातील मोडी कागदपत्रे लाखांच्या घरात आहेत. त्यांपैकी काहींचा तमिळ अनुवाद प्रसिद्ध झाला असला तरी मोठा भाग अजून वाचला गेलेला नाही. रथ ओढायला आणवलेल्या माणसांच्या नोंदी ज्या दप्तरात सापडतात, त्याच दप्तरात रथासाठी लागलेले लाकूड, लोखंड, दोर आणि सुतार-लोहारांची मजुरी यांचा हिशेब शोधला पाहिजे. ती लिपी वाचू शकणारे मराठी तरुण आज पुणे, मुंबई, कोल्हापूर येथील वर्गांतून दरवर्षी तयार होत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी तंजावरची वाट धरावी.